अलॉय बसवलेल्या गाडीला स्पेसर लावताय? जाडी दुकानदाराला विचारून नको, मोजून ठरवा

गाडी घेतली की पहिल्या काही महिन्यांतच अनेकांच्या डोक्यात अलॉय येतात. बोलेरो असो, थार असो, स्विफ्ट असो की जुनी इनोव्हा, कंपनीची लोखंडी चाकं काढून रुंद रिम आणि जाड टायर बसवले जातात. गाडी उठून दिसते. पण चार दिवसांनी पूर्ण स्टेअरिंग फिरवलं की आतून घासल्याचा आवाज येतो. गॅरेजवाला सांगतो, 'स्पेसर टाकू, काम होऊन जाईल.' किती मिलिमीटरचा, कुठल्या प्रकारचा, नटाला आटे किती उरणार, हे मात्र फारसं कोणी विचारत नाही.

स्पेसर दिसायला साधी चकती असते. पण ती बसते हब आणि चाक यांच्या मधोमध, म्हणजे संपूर्ण चाक ज्या चार, पाच किंवा सहा नटांवर उभं असतं, नेमकी तिथेच. चुकीचा स्पेसर लागला तर नट सैल होतात, स्टड तुटतो आणि चालत्या गाडीचं चाक निखळू शकतं. ते निखळलेलं चाक समोरून येणाऱ्या दुचाकीवरही जाऊ शकतं. म्हणून स्पेसर घेण्याआधी थोडा हिशोब समजून घेतलेला बरा.

स्पेसर करतो काय?

स्पेसर चाकाला हबपासून बाहेर ढकलतो. ५ मिमीचा स्पेसर म्हणजे ते चाक ५ मिमी बाहेर. दोन्ही बाजूंना लावला की त्या दोन चाकांमधलं अंतर १० मिमी वाढतं.

शेतकऱ्यांना ही गोष्ट नवी नाही. पिकाच्या सरीप्रमाणे ट्रॅक्टरची मागची चाकं आत-बाहेर करतात, रिम आणि डिस्क उलटसुलट बसवून रुंदी बदलतात. पण ट्रॅक्टरमध्ये ही सोय कंपनीनेच दिलेली असते आणि ट्रॅक्टर सावकाश चालतो. कारचं तसं नाही. कारचं हब, बेअरिंग आणि शॉकअप एका ठरावीक जागी चाक असेल असं धरून बनवलेले असतात, आणि गाडी हायवेवर ८०-१०० च्या वेगाने धावते.

स्पेसर लावायला पटण्यासारखी दोनच कारणं आहेत. नवी रिम किंवा टायर आतून शॉकअपला घासतोय, किंवा रिमची पाकळी ब्रेकच्या कॅलिपरला टेकतेय. 'चाक बाहेर आलं की गाडी रुबाबदार दिसते' हे कारण सगळ्यात जास्त चालतं, आणि त्यासाठीच सगळ्यात जाड स्पेसर विकले जातात.

आधी ऑफसेट समजून घ्या

अलॉयच्या मागच्या बाजूला किंवा पाकळीच्या आत इंग्रजीत काही अक्षरं-आकडे कोरलेले असतात. त्यात रिमची रुंदी आणि व्यास असतो, आणि 'ईटी' या अक्षरांपुढे एक आकडा असतो, जसं ईटी ४५ किंवा ईटी ३८. हाच ऑफसेट. रिमच्या रुंदीचा बरोबर मध्य आणि रिम हबला टेकते ती जागा, या दोघांमधलं अंतर मिलिमीटरमध्ये म्हणजे ऑफसेट. आकडा जितका मोठा, तितकं चाक आत. आकडा लहान झाला की चाक बाहेर येतं.

स्पेसर लावला की त्याची जाडी ऑफसेटमधून वजा करायची. ईटी ३८ च्या रिमला ५ मिमीचा स्पेसर लावला तर ती ईटी ३३ सारखी बसते.

एक उदाहरण घेऊ. समजा कंपनीची रिम ६ इंच रुंद आणि ईटी ४५ आहे. दुकानातून आणलेली रिम ७ इंच रुंद आणि ईटी ३८ आहे. एक इंच म्हणजे २५.४ मिमी. रिमच्या निम्म्या रुंदीत ऑफसेट मिळवला की रिमची आतली कड हबच्या टेकण्यापासून किती आत आहे ते कळतं. वजा केला की बाहेरची कड किती बाहेर आहे ते कळतं.

- कंपनीची रिम: आत १२१.२ मिमी, बाहेर ३१.२ मिमी.
- नवी रिम, स्पेसरशिवाय: आत १२६.९ मिमी, बाहेर ५०.९ मिमी.
- नवी रिम आणि ५ मिमी स्पेसर: आत १२१.९ मिमी, बाहेर ५५.९ मिमी.
- नवी रिम आणि २५ मिमी स्पेसर: आत १०१.९ मिमी, बाहेर ७५.९ मिमी.

नवी रिम शॉकअपकडे साधारण पावणेसहा मिमी सरकली, म्हणून घासते. ५ मिमीच्या स्पेसरने ती जवळपास मूळ जागी येते. पण बाहेरच्या बाजूला बघा. स्पेसर नसतानाच ही रिम जवळजवळ २० मिमी बाहेर आलेली होती. २५ मिमीचा स्पेसर लावला तर ती मूळ जागेपेक्षा साडेचार सेंटिमीटरच्या आसपास बाहेर जाते. घासण्याचा त्रास ५ मिमीत मिटत होता. उरलेले २० मिमी फक्त दिखाव्याचे, आणि त्यांचा भार रोज बेअरिंगवर.

हाच हिशोब रिम विकत घेण्याआधी केला असता तर? साडेसहा इंची, ईटी ४० ची रिम घेतली असती तर ती आत जेमतेम दीड मिमी सरकली असती आणि बाहेर साधारण ११ मिमी आली असती. बहुधा स्पेसर लागलाच नसता.

गाडीवर मोजायचं कसं?

कागदावरचा हिशोब रिमचा असतो. टायर रिमच्या बाहेर फुगतो आणि प्रत्येक टायरचा फुगवटा वेगळा असतो. म्हणून शेवटचं माप गाडीवरच घ्यायचं. त्याला महागडं यंत्र लागत नाही.

१. गाडी सपाट जागी लावा, हँडब्रेक ओढा, बाकीच्या चाकांना दगड लावा. जॅकच्या जोडीला गाडीखाली पक्का आधार द्या. नुसत्या जॅकवर गाडी ठेवून आत हात घालू नका.
२. चाक काढा. घरातल्या मळलेल्या कणकेचा लिंबाएवढा गोळा पातळ प्लास्टिकमध्ये गुंडाळून शॉकअपवर, टायर सगळ्यात जवळ येतो तिथे चिकटवा.
३. चाक परत बसवून नट हाताने पुरते आवळा. चाक न फिरवता पुन्हा काढा. दबलेल्या कणकेची सगळ्यात पातळ जागा मोजा. तीच तुमची सध्याची फट.
४. आतली फट साधारण ५ मिमी तरी असावी. शेतरस्ता, चिखल, उसाच्या फडातली ये-जा असेल तर थोडी जास्त, कारण चिखल त्या फटीत बसून वाळतो.
५. हवी असलेली फट वजा सध्याची फट, म्हणजे स्पेसरची जाडी. फट २ मिमी असेल आणि ५ हवी असेल तर स्पेसर ३ मिमीचा. १५ चा नाही.

आतलं माप जमलं की बाहेरचं बघा. मडगार्डच्या कडेला आतून खडू घासा. गाडीत पूर्ण माणसं बसवा किंवा तेवढ्या वजनाची पोती टाका. स्टेअरिंग दोन्ही बाजूंना शेवटपर्यंत फिरवून गाडी सावकाश गतिरोधकावरून न्या. टायरवर खडूचा पट्टा उमटला तर बाहेरून घासतंय. रिकाम्या गाडीत न घासणारा टायर लग्नाचं वऱ्हाड बसल्यावर हमखास घासतो, आणि खड्ड्यात तो मडगार्डच्या धारदार पत्र्याने कापला जातो.

कोणत्या जाडीला कोणता स्पेसर?

३ ते ५ मिमी: ही साधी चकती. मूळ स्टडवरच चढते, नट तेच राहतात. यात धोका एकच, पण मोठा. स्पेसरच्या जाडीइतके आटे कमी होतात. साधा नियम असा, की स्टड जितका जाड तितके मिमी तरी आटे नटात बसले पाहिजेत. १२ मिमीच्या स्टडला १२ मिमी. हे वेढ्यांवरून मोजता येतं. आट्यांचं अंतर १.५ मिमी असेल तर नट पकडल्यापासून आवळेपर्यंत किमान ८ वेढे फिरला पाहिजे. अंतर १.२५ मिमी असेल तर साधारण १० वेढे. पाच-सहा वेढ्यांतच नट घट्ट झाला तर तो स्पेसर त्या स्टडवर चालणार नाही. नट बंद तोंडाचा असेल तर स्टडचं टोक आत टेकून नट खोटा घट्ट लागत नाही ना, तेही बघा.

५ ते २० मिमीच्या मधले: इथेच सगळ्यात जास्त चुका होतात. मूळ स्टड पुरत नाहीत. हबमधले स्टड काढून लांब स्टड दाबून बसवावे लागतात. 'नट चार वेढे तरी बसतोय ना' म्हणत जुन्याच स्टडवर १० मिमीचा स्पेसर चढवणारा कारागीर असेल, तर तिथून गाडी काढून घ्यावी.

२० मिमी आणि पुढे: यात स्पेसर आधी मूळ स्टडवर स्वतःच्या नटांनी आवळतात. त्याला स्वतःचे वेगळे स्टड असतात, त्यावर चाक बसतं. आतले नट चकतीच्या जाडीत बुडालेले असावे लागतात, म्हणून साधारण २० मिमीच्या खाली हा प्रकार नीट बनत नाही. मूळ स्टडची टोकं स्पेसरच्या बाहेर डोकावत असतील तर चाक सपाट टेकत नाही. काही अलॉयना मागे खाचा असतात, तिथे ती टोकं सामावतात. खाचा नसतील तर काही ठिकाणी ग्राइंडरने मूळ स्टड कापतात. मग उद्या स्पेसर काढून मूळ चाक लावायचं म्हटलं तर त्याला आटे पुरत नाहीत.

दोन स्पेसर एकावर एक लावायचे नाहीत. स्टडमध्ये वॉशर घालून चाक बाहेर काढायचं नाही. एका बाजूला एक जाडी आणि दुसऱ्या बाजूला दुसरी, असंही चालत नाही. पुढच्या दोन्हींना सारखा, मागच्या दोन्हींना सारखा.

तीन मापं जुळलीच पाहिजेत

पहिलं, पीसीडी. म्हणजे नटांची संख्या आणि ते ज्या वर्तुळावर आहेत त्याचा व्यास. स्विफ्ट आणि आय२० ला ४ नट, १०० मिमी. इनोव्हाला ५ नट, ११४.३ मिमी. फोर्डच्या फिगोला ४ नट, पण १०८ मिमी. जवळचं माप 'बसतंय' म्हणून ओढूनताणून बसवलं तर नट तिरके आवळले जातात.

दुसरं, मधलं भोक. हबच्या मध्यावर एक गोल कड पुढे आलेली असते, तिच्यावर चाक मध्यभागी बसतं. स्विफ्टची ती कड ५४.१ मिमी, इनोव्हाची ६०.१, क्रेटाची ६७.१. बाजारातल्या बऱ्याच अलॉयचं भोक ७३.१ मिमी ठेवतात, म्हणजे एकच रिम अनेक गाड्यांना विकता येते. मधली जागा भरायला रिंग मिळते. ती लावली नाही तर चाक किंचित एका बाजूला बसू शकतं आणि ८०-९० च्या वेगात स्टेअरिंग थरथरतं. लोक पुन्हा पुन्हा बॅलन्सिंग करतात, पैसे जातात, थरथर जात नाही. स्पेसर घेतानाही त्याचं भोक आपल्या हबवर घट्ट बसणारं हवं. जाड स्पेसर हबची कड झाकून टाकतो, म्हणून त्याला स्वतःची तशीच कड पुढच्या बाजूला असलेली हवी.

तिसरं, आटे. स्विफ्ट आणि आय२० यांची पीसीडी सारखी, भोकही सारखं. पण स्विफ्टचे आटे १.२५ मिमीचे आणि आय२० चे १.५ चे. एकाचे नट दुसऱ्याला लावले तर दोन-तीन वेढे जातात, मग जड लागतात. तिथे हवेची गन लावली की आटे गेलेच. नट सुरुवातीला बोटांनी सहज फिरला पाहिजे. नाही फिरला तर तो तुमच्या गाडीचा नट नाही.

नटाचं बूडही बघा. बाजारातल्या बहुतेक अलॉयना शंकूसारखं निमुळतं बूड लागतं. टोयोटाच्या बऱ्याच कंपनी-अलॉयचे नट सपाट वॉशरचे असतात. ते निमुळत्या खाचेत लावले तर घट्ट वाटतात, पण नीट बसत नाहीत. आणि पंक्चर झालं तर लोखंडी स्टेपनी बसणार का, तिला कोणते नट लागतील, हे घरी एकदा लावून बघा. लागणारे नट आणि पाना गाडीतच ठेवा.

लेथवर करून घ्यायचा का?

तालुक्याच्या ठिकाणी लेथवाला एका दिवसात चकती कापून देतो, तीही स्वस्तात. त्याच्या हातात कसब असतं, यात शंका नाही. प्रश्न मालाचा आहे. चांगले स्पेसर ६०६१ किंवा ७०७५ नावाच्या मजबूत अॅल्युमिनियमचे असतात आणि त्यांची दोन्ही तोंडं अगदी समांतर असतात. भंगारातून आलेला तुकडा किंवा ओतीव अॅल्युमिनियम कोणत्या दर्जाचं आहे हे डोळ्यांनी कळत नाही. खड्ड्याच्या दणक्यात ओतीव माल वाकत नाही, तडकतो. इथे पैसे वाचवू नयेत.

बसवताना काय बघाल?

- हबवरचा गंज तारेच्या ब्रशने पूर्ण काढा. गंजाच्या खपलीवर बसवलेला स्पेसर खपली दबली की सैल होतो. कोकणातल्या दमट हवेत याकडे विशेष लक्ष हवं.
- आट्यांना ग्रीस किंवा ऑइल लावू नका. नट गरजेपेक्षा जास्त आवळला जातो आणि स्टड ताणला जातो.
- नट समोरासमोरच्या क्रमाने, दोन-तीन टप्प्यांत आवळा.
- शेवटचं आवळणं टॉर्क पान्याने. बहुतेक छोट्या-मध्यम गाड्यांना ८५ ते १२५ न्यूटन-मीटरच्या दरम्यान लागतं. नेमका आकडा गाडीच्या पुस्तिकेत असतो, तोच धरा. पान्यावर उभं राहून आवळणं म्हणजे पक्कं काम नव्हे.
- ५० ते १०० किलोमीटरनंतर पुन्हा तपासा. जाड स्पेसरचे आतले नट चाक काढल्याशिवाय दिसत नाहीत, म्हणून चाक काढूनच तपासा. नंतरही दर सर्व्हिसला.

बेअरिंगवर भार का येतो?

भरलेली कळशी कमरेवर घेऊन चालता येतं. तीच हात लांब करून धरली की खांदा भरून येतो. कळशीचं वजन तेच असतं, अंतर वाढलेलं असतं. चाक बाहेर गेलं की बेअरिंग, लोअर आर्म आणि स्टडवर असाच ताण येतो. ३ मिमीने फारसा फरक पडत नाही. २५-३० मिमीने, त्यात खड्डे आणि भरलेली गाडी असेल तर बेअरिंग लवकर आवाज करू लागतं. खड्ड्यात स्टेअरिंग हाताला झटका देतं. बाहेर आलेला टायर चिखल-खडी मडगार्डबाहेर उडवतो, तो मागच्या दुचाकीवाल्याच्या तोंडावर.

कायदा आणि विमा

मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार, आरसी बुकातला तपशील कंपनीच्या मूळ तपशिलाशी जुळणार नाही असा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच अधोरेखित केलं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर परवानगी नसलेल्या बदलासाठी कलम १८२ अ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद, प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. स्पेसर बाहेरून दिसत नाही, पण मडगार्डबाहेर आलेला टायर लांबूनच दिसतो.

विम्याचंही तेच. गाडीत केलेला बदल विमा कंपनीला कळवलेला नसेल तर अपघातानंतर दाव्याच्या वेळी त्यावर बोट ठेवलं जाऊ शकतं. अलॉय बसवतानाच कंपनीला लेखी कळवून त्याची पोच ठेवावी.

शेवटी ठरवायचं काय?

अजून रिम घेतली नसेल तर स्पेसर विसरा. हिशोब करून योग्य ऑफसेटची रिम घ्या. रिम घेऊन झाली असेल आणि आतून घासत असेल तर कणकेने फट मोजा. ३ ते ५ मिमीत भागत असेल आणि नटाला पूर्ण वेढे मिळत असतील तर चांगल्या मालाचा स्पेसर लावायला हरकत नाही. त्याहून जास्त लागत असेल तर रिम बदलून घेण्याचा विचार आधी करा. स्पेसर, लांब स्टड, मजुरी आणि पुढे येणारा बेअरिंगचा खर्च यांची बेरीज मांडली की जुनी रिम देऊन बरोबर मापाची घेणं अनेकदा फायद्याचं ठरतं.

ज्यांच्या गाडीला आधीच स्पेसर आहेत त्यांनी आज एवढंच करावं. चाक काढून नट बोटांनी फिरवा आणि वेढे मोजा. नटाभोवती गंजाचा लाल ओघळ, रिमच्या भोकाजवळ उडालेला रंग, वळणावर खट-खट आवाज किंवा नव्याने सुरू झालेली थरथर, यातलं एक जरी दिसलं तरी नट सैल असू शकतात. रस्त्यात असा आवाज आला तर 'गाव जवळच आहे, पोहोचू' म्हणू नका. गाडी कडेला घ्या, पाना काढा आणि नट तपासा. एखादा स्टड तुटलेला किंवा आटे गेलेले दिसले तर ती गाडी तिथून चालवत न नेता टोचन करून न्या.